जोडवी कापावी लागली तेव्हा

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत पायातली जोडवी रुतायला लागली. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभीच असते. संध्याकाळी घोटे सुजायचे, सकाळी उतरायचे, म्हणून मनावर घेतलं नाही. पण आठवड्याभरात सकाळीही चपलेत पाय जाईना. शेवटी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या सोनाराने बारीक कात्रीने जोडवी कापून काढली. आईने लग्नात घातलेली, बंद कड्याची होती. खाली बोटाला पडलेला पांढरा चर बघून माझ्या पोटात गोळा आला.

मग सल्ले सुरू. शेजारीण म्हणाली मीठ तोड. सासूबाई कोकणातल्या, त्यांना हत्तीपायाची धास्ती. मी स्वतःच लॅबमध्ये जाऊन युरिक ॲसिड तपासलं, ६.४ आलं. झालं, गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे धरणारा आजार! डाळी बंद केल्या आणि मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. चार दिवसांत सूज वाढली. या गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आमच्या डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि थोड्या वेळाने काढला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला, तो सावकाश भरला. मग प्रश्न: सूज एकाच पायाला की दोन्ही? पोटरी दुखते, गरम लागते? रात्री किती उशा लागतात? जिना चढताना धाप? लघवीला फेस? उशांचा पायाशी काय संबंध, मला हसू आलं. पण हृदय कमजोर झालं की आडवं झाल्यावर दम लागतो, उशा वाढत जातात. फेस म्हणजे मूत्रपिंडातून प्रोटीन जात असण्याची शंका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर शिरेत गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. गाऊट असता तर सांधाच लाल होऊन ठणकला असता, बहुधा अंगठ्याचा. चादरीचा स्पर्शही सोसत नाही. माझे सांधे ठीकच होते. डाळी फुकट सोडल्या.

मग तपासण्या: मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, रक्तातल्या प्रोटीनसाठी अल्ब्युमिन, थायरॉईड, लघवी, ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. इतके पैसे घालवून नॉर्मल आलं की आनंद व्हावा की वैताग, कळत नाही. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, मिळाली. शाळेत दोन तासिकांच्या मध्ये बाथरूमकडे पळणं एवढाच तिचा परिणाम, घोटे तसेच.

वहिनीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "रोज घेता त्या गोळ्यांची पाकिटं दाखवा." बीपीची स्ट्रिप पर्समध्ये होती. ॲम्लोडिपिन, १० मिलिग्रॅम. आमचे डॉक्टर गणपतीत गावी गेले होते, तेव्हा बीपी चढलं म्हणून दुसरीकडे ५ ची १० करून घेतली होती. मी ते कुणालाच सांगितलं नाही. अहो, बीपीची गोळी म्हणजे सकाळचा चहा, तिला औषधात कोण धरतं?

त्यांनी समजावलं, या गोळीने रक्त पोचवणाऱ्या बारीक रोहिण्या सैल होतात, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या होत नाहीत. मग दोन्हींच्या मधल्या केसासारख्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि घोट्याशी साठतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतंच, म्हणून पाण्याची गोळी फारशी उपयोगी पडत नाही. डोस जास्त तसा हा त्रास जास्त, बायकांना अधिक. त्यांनी पुन्हा ५ वर आणलं, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली आणि मनाने काही बंद करायचं नाही, असं दोनदा बजावलं. दर दोन दिवसांनी बीपी लिहून ठेवायचं काम नवऱ्याकडे गेलं.

तिसऱ्या आठवड्यात तलावपाळीला फेरी मारून घरी आले, मोजे काढले, तर इलॅस्टिकचा वळ दिसला नाही. सोनार जोडवी मोडीत घेतो म्हणाला होता. मी डाग देऊन सांधून आणली. सांधा जरा बोचतो.