ब्रेक मोजायचा जमला एकदाचा!

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये जिथे गाडी अडली होती ना, बास्केटबॉलमध्ये ड्राइव्ह करताना, म्हणजे बॉल टप्पे देत बास्केटकडे घुसताना, प्लेअर फुल स्पीडवरून थांबतो तो वेळ टीव्हीच्या क्लिपवरून मोजायचा कसा, ते जमलंय.

अंतराचा नाद मी केव्हाच सोडला. कॅमेरा सारखा पॅन होतो, किनोव्हिया या व्हिडिओ मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘की’चे (बास्केटसमोर आखलेल्या चौकोनाचे) चार कोपरे धरून ग्रिड लावली तरी पुढच्या फ्रेमला सरकते, त्यात कॉलेजची की १२ फूट रुंद आणि एनबीएची १६. म्हणून नुसता वेळ धरला, ब्रेकचा पाय टेकल्यापासून कंबर पुढे जायची थांबेपर्यंत फ्रेम मोजायच्या. पण नेटवर मला मिळालेल्या बहुतेक क्लिप सेकंदाला ३० फ्रेमच्या, एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, आणि खरा फरकच तेवढ्यात असतो हो! जबरदस्त थांबणारा आणि ठीकठाक थांबणारा, दोघांचा आकडा सारखाच यायचा. डोकं फिरायची वेळ आली होती.

मग ध्यानात आलं, २०२५ च्या ड्यूक-बेलर या अमेरिकन कॉलेज मॅचचं आपल्याकडचं रेकॉर्डिंग १०८०आय आहे, म्हणजे सेकंदाला ६० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) आत आहेतच, फक्त दोन-दोन जोडून दिसतात. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये याडिफ हा फील्ड सुटी करणारा फिल्टर मोड १ ला लावला आणि दर फील्डची वेगळी फ्रेम निघाली. ड्यूकचा फ्लॅग आणि बेलरचा एजकॉम, त्या वर्षीच्या एनबीए ड्राफ्टचा (नवे खेळाडू निवडण्याचा) पहिला आणि तिसरा पिक, एकाच कोर्टवर! टाच टेकते, गुडघा वाकतो, कंबर बसते, सगळं सुटं सुटं दिसतं. एजकॉमचा एक स्टॉप तर मी कितीदा मागेपुढे करून पाहिला. हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर!

कंबाइनची, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांमधली, लेन अ‍ॅजिलिटी (की-भोवती पळायची चपळाईची चाचणी) मला म्हणूनच अपुरी वाटते, रस्ता आधीच ठरलेला, हातात बॉल नाही, समोर डिफेंडर नाही. एनबीएचा स्टार डॉन्चिच काही उडी मारून किंवा पळून कुणाला मागे टाकत नाही, तो थांबतो आणि डिफेंडर पुढे निघून जातो.

आता पुढे एजकॉमचे सगळे पुल-अप (पळता पळता थांबून मारलेले शॉट) काढणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं, आधी ६० फ्रेम पुरतात का तेच तपासावं. इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर भाचा प्रॅक्टिसला जातो, त्याच्या कोचसरांना आणि मुलांच्या घरी विचारून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमनी शूट करतो, मग त्याच क्लिपची दर चौथी फ्रेम ठेवली की ६०, दर आठवी ठेवली की ३०. तिन्हींचे आकडे शेजारी मांडले की कळेल किती चुकतोय. एजकॉम त्यानंतर. कुणाकडे रटगर्सच्या मॅचचं १०८०आय असेल तर सांगा, त्यांचा हार्पर, त्याच ड्राफ्टचा दुसरा पिक, पण यात घ्यायचाय.