कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार

पुण्यात दहा वर्षं ख्याल शिकले, मग नोकरीसाठी बर्लिनला आले आणि इथे जर्मन ‘लीड’ या गीतप्रकाराच्या प्रेमात पडले. कविता, एक गळा आणि पियानो, बस. ओळखीच्या एका जॅझ त्रिकुटाने विचारलं, ‘आमच्यासोबत शूबर्ट गाशील?’ मी लगेच या ऑस्ट्रियन संगीतकाराचं ‘डेर लायरमान’ सुचवलं.

१८२७ सालच्या ‘विंटरराइजे’ या २४ गाण्यांच्या मालिकेतलं हे शेवटचं गाणं. शब्द कवी विल्हेल्म म्युलरचे. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला म्हातारा हर्डी-गर्डी, म्हणजे दांडा फिरवून वाजवायचं तंतुवाद्य, वाजवतोय, त्याची थाळी रिकामीच. पियानोचा डावा हात शेवटपर्यंत षड्ज-पंचम (सा-प) धरून असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तानपुराच आठवला होता.

पहिल्या तालमीत नेमकं तेच हरवलं. बेस एका सुरावर न थांबता पावलं टाकल्यासारखा चालू लागला, पियानोवाला प्रत्येक मात्रेला नवा कॉर्ड देऊ लागला. वाजवत होते सुरेखच, पण म्हातारा जागचा हलला होता. मीही ब्लूज (जॅझच्या मुळाशी असलेली आफ्रिकन-अमेरिकन गायकी) म्हणून प्रत्येक शब्दावर मींड घेत, सुरावरून सुरावर घसरत होते, त्यात जर्मन व्यंजनं विरघळून गेली. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि रडू आलं.

पुढच्या तालमीत मी बेसवाल्याला म्हटलं, ‘तू फक्त सा-प धर, बो (गज) घेऊन.’ त्याने धरले आणि खोली शांत झाली. मग पियानोवाल्याने दाखवलं की मूळ गाण्यातही गळा एक ओळ म्हणतो आणि पियानो मधल्या जागेत उत्तर देतो. ब्लूजमध्ये हेच तर होतं! तीन मात्रांचा ठेका तसाच ठेवला, ड्रमवर नुसते ब्रश.

राहिला गंधार, म्हणजे ‘ग’. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. माझ्या गळ्याला ती जागा माहीत होती, पियानोवर ती पट्टीच नाही. पियानोवाल्याने कोमल गंधारावरून बोट निसटून शुद्धावर आणलं, दोन्ही सूर क्षणभर एकत्र वाजले आणि मी त्यांच्या मधोमध उभी राहिले. असं दोन-तीन तास घासलं. शेवटी ठरलं की ही जागा एकदाच घ्यायची, रिकाम्या थाळीच्या ओळीत. बाकी गाणं सरळ.

शेवटी गाणारा म्हाताऱ्याला विचारतो, ‘तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना साथ करशील?’ तिथे आम्ही काहीच घालत नाही. बेसवाला बो उचलेपर्यंत सा-प वाजत राहतात.