दगडफूल, चिंचोके आणि अनुक्रमण

बारावीच्या जीवशास्त्रातला अनुक्रमणाचा, म्हणजे एकाच जागी वनस्पतींचे समूह क्रमाने बदलत जाण्याचा भाग पाठ करायला सोपा, म्हणूनच शिकवायला अवघड. उघडा खडक, त्यावर दगडफूल, मग मॉस, गवत, झुडपं, शेवटी जंगल. मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात आणि एकही शंका विचारत नाहीत. यंदा मी पुठ्ठ्यावर चौकोन आखले आणि वर्गाचे गट पाडले.

प्रत्येक चौकोन म्हणजे कातळ. माती म्हणून चिंचोके. दगडफुलाचा पत्ता कुठेही ठेवता येतो आणि दर फेरीला त्यातून एक चिंचोका मिळतो. गवताला दोन चिंचोके हवेत, करवंदाला पाच. महाबळेश्वरच्या जंगलातली अंजनी, जांभूळ, पिसा ही मंडळी दहाशिवाय पाऊल ठेवत नाहीत. झाड आलं की शेजारी सावली पडते, तिथलं गवत उचलायचं. शिवाय दर फेरीला एक चिठ्ठी: बुलबुलाने बी टाकली, शेळ्या शिरल्या, वणवा लागला.

पहिली कुरकुर दगडफूलवाल्यांची. “मॅडम, माती आम्ही करायची आणि बाहेरही आम्हीच जायचं?” हो, तसंच. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे त्यांना त्या रागातच कळलं.

खरा रंग भरला वणव्याने. पत्ते भराभर उचलले गेले, पण चिंचोक्यांपाशी हात थांबले. “हेपण काढायचे?” नाही. आगीनंतर माती राहते, तिच्यात मुळं आणि काही बियाही तग धरतात. त्या गटाचं करवंद लगेच परतलं. शेजारचे अजून दगडफुलावरच अडले होते. प्राथमिक आणि द्वितीयक अनुक्रमणाची व्याख्या मग मी सांगितलीच नाही, मुलांनी सांगितली: उघड्या कातळापासून सुरू होतं ते प्राथमिक, माती शिल्लक असलेल्या जागी पुन्हा सुरू होतं ते द्वितीयक.

एका मुलीने मात्र विचारलं, “हाच क्रम असतो हे ठरवलं कुणी?” मला हाच प्रश्न हवा होता. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सने 1916 साली वनस्पतींचा समूह एखाद्या सजीवासारखा टप्प्याटप्प्याने वाढतो असं मांडलं. 1926 मध्ये त्याच्याच देशातला वनस्पतिशास्त्रज्ञ ग्लीसन म्हणाला, प्रत्येक जाती आपापल्या गरजेने आणि योगायोगाने येते. मग मी आइसलँडजवळच्या सुर्त्से बेटाची गोष्ट काढली. 1963 मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीतून ते वर आलं. 1965 मध्ये तिथे पहिली उगवली ती मोहरीच्या कुळातली, किनाऱ्यावरच्या वाळूत वाढणारी वनस्पती. मॉस 1967 मध्ये दिसलं, दगडफुलाचे भाऊबंद 1970 मध्ये! पुढे कुरव पक्ष्यांनी तिथे घरटी केली आणि त्यांच्या विष्ठेच्या खतावर हिरवळ पसरली. वर्गाने तेव्हाच दोन चिठ्ठ्या वाढवल्या: ‘लाटेने बी आणलं’ आणि ‘पक्षी वस्तीला आले’.

या खेळात मला खटकतं ते वेळेचं गणित. दगडफुलाची फेरी आणि गवताची फेरी सारखी धरावी लागते, ते साफ खोटं आहे. पण ते सुधारलं तर तास संपेपर्यंत कुणी कातळावरून हलणारच नाही.

शेवटी कास पठार निघालंच. तिथे जंगल का होत नाही? कातळावर माती पातळ, त्यात मुसळधार पाऊस. एका गटाला नियम दिला: पावसाची चिठ्ठी आली की दोन चिंचोके वाहून जातील. ते गवताच्या पुढे सरकलेच नाहीत. गुण मोजताना भांडू लागले, “जंगल नसेल, पण आमच्याकडे सोनकी आहे, तेरडा आहे, सीतेची आसवं आहेत. त्याचे गुण द्या.” दिले.