इंदूर ते नाशिक ईव्हीने : घाट, चार्जर आणि पेट्रोलचा हिशेब

नवी गाडी घ्यायची ठरल्यापासून आमच्या घरात दोन तट आहेत. नवऱ्याला ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी गाडी हवी. सासूबाईंना 'जिला कुठल्याही पंपावर तेल मिळतं ती' हवी. मला आधी हिशेब हवा होता. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर एक चक्कर, आणि तिथे कुठलीही गाडी चांगलीच वाटते. माघात नाशिकला नणंदेकडे भाच्याची मुंज निघाली, तेव्हा मामेभावाची नेक्सॉन ईव्ही काही दिवसांसाठी मागून घेतली आणि आमची जुनी पेट्रोलची त्याच्या दारात लावली. बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची, म्हणजे सोप्या भाषेत ४५ युनिटांची. कंपनीचा आकडा एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटरचा आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, त्यावर प्रवास आखू नका. चार माणसं, डिकीभर सामान आणि एसी असताना हायवेवर तीनशे धरा.

इंदूर ते नाशिक साधारण ४१५ किलोमीटर, सगळा जुना आग्रा-मुंबई रस्ता. राऊ, मानपूर, धामनोद, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. म्हणजे मधे एकदा चार्जिंग अटळ, आणि ते कुठे करायचं हे घरीच ठरवायचं. आम्ही शिरपूर-धुळे पट्टा धरला. इंदुरातून शिरपूर दोनशेच्या थोडं पुढे आणि तिथून नाशिकही जवळपास तेवढंच, त्यामुळे दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा राहते. सेंधव्यालाच थांबलात तर पुढचा टप्पा लांबतो. धुळ्याच्या पुढे ताणलंत आणि चार्जर बंद निघाला, तर पोटात गोळा येतो.

सगळ्यांना भीती असते ती घाटाची. माझ्या माहेरच्या एका काकांनी तर 'चढावर बॅटरी पाण्यासारखी जाते' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून मी मुद्दाम आकडे बघत गेले. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि खलघाटचा पूल दीडशेच्या आसपास, म्हणजे चारशे मीटरचा फरक. माणसं-सामानासकट अठराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला दोन-सव्वादोन युनिट जास्त लागतात, म्हणजे बॅटरीचे पाच टक्के. उतरताना त्यातला बराचसा भाग परत मिळतो. मानपूरच्या पुढे घाटाच्या तोंडाशी स्क्रीनवर ८६ टक्के होते आणि खाली उतरलो तरी ८६च. रीजन, म्हणजे गाडी मंदावताना चाकांच्या गतीतून वीज परत बॅटरीत भरण्याची सोय, तीनवर ठेवलं, तर ब्रेकवर पाय ठेवायची वेळ फार क्वचित येते. याच उतारावरच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले हे इंदूरकरांना सांगायला नको. आता नव्या वळणरस्त्यामुळे उतार सौम्य झाला आहे, पण ब्रेक न तापवता उतरण्याचं सुख वेगळंच.

एक मात्र लक्षात ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन लागत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. आपल्याकडून निघताना घाट येईपर्यंत दहा-पंधरा टक्के खर्च झालेले असतात, म्हणून अडचण येत नाही. घाटमाथ्यावरच कुणाकडे मुक्काम असेल तर ९० वर चार्जिंग थांबवा.

बॅटरी खरी खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. जाताना स्टिअरिंग माझ्याकडे होतं. ८० ते ८५ धरून चालले आणि शिरपूरला ३५ टक्के शिल्लक होते. येताना नाशिक ते शिरपूर हा तुलनेने उताराचा टप्पा. अंतर तेवढंच, गाडीत माणसंही तीच, पण चालवायला नवरा. शंभराच्या खाली काटा येऊ दिला नाही आणि पूर्ण भरून निघूनही शिरपूरला २३ टक्क्यांवर पोचलो. चढावर जे गेलं नाही ते वेगाने गेलं. वाचलेली वीस-पंचवीस मिनिटं चार्जरपाशी जास्तीची बसून फेडली, आणि हे मी त्याला परतीच्या वाटेवर पुरेसं ऐकवलं आहे.

आता चार्जर. प्लगशेअर, टाटा पॉवर ईझेड चार्ज आणि स्टॅटिक ही अ‍ॅपं घरूनच टाकून घ्या, नोंदणी करा, वॉलेटमध्ये चारपाचशे रुपये भरून ठेवा. हायवेवर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघणं फार वाईट. प्लगशेअरवर चार्जरच्या नावाखाली लोकांनी लिहिलेल्या नोंदी असतात. ताजी नोंद या आठवड्यातली असेल तरच तो चार्जर जमेस धरा. आणि एका जागेवर भिस्त ठेवू नका, वीसेक किलोमीटरच्या आत दुसरी हाताशी असू द्या.

आमचा चार्जर शिरपूरच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात होता. अ‍ॅपवर 'उपलब्ध', आणि प्रत्यक्षात स्क्रीनवर लाल अक्षरांत 'फॉल्ट'. हेल्पलाइनवाल्याने तक्रार नोंदवून घेतली आणि पुढचा चार्जर बघा म्हणाला. तेवढ्यात हॉटेलचा वॉचमन आला. 'ताई, थांबा, पोरं दाबून जातात ते,' म्हणत त्याने खांबावरचं लाल बटण घड्याळाच्या दिशेने पिळलं, ते टक्कन वर आलं आणि मिनिटाभरात यंत्र शुद्धीवर आलं. ते आणीबाणीचं बटण होतं. दाबलं की वीज तुटते आणि पिळून सोडवल्याशिवाय ते परत वर येत नाही. म्हणून चार्जर बंद दिसला तर आधी ते बटण बघा. मात्र आजूबाजूला विचारून, आणि तार किंवा गन (तारेचं गाडीत लावायचं टोक) फुटलेली नाही ना हे पाहूनच.

दुसरी गोष्ट आम्हाला तिथेच बसल्या बसल्या कळली. चार्जर ६० किलोवॉटचा होता, पण गन दोन. आम्ही एकटे होतो तोवर टक्के भराभर चढत होते. दुसरी गाडी येऊन लागली आणि आमचा वेग जवळपास निम्मा झाला. पाटीवर ६० लिहिलं आहे म्हणून तेवढं मिळेलच असं नाही. दोन ठिकाणं जवळजवळ असतील तर रिकामं धरा. ८० टक्क्यांनंतर कुठल्याही फास्ट चार्जरवर वेग मंदावतो, म्हणून पुढचा टप्पा लहान असेल तर ८० ला गन काढून निघणं शहाणपणाचं. आम्हाला पुढे चांदवडचा चढ होता, म्हणून ९० पर्यंत थांबलो. त्यात शेवभाजी-भाकरी झाली आणि सासूबाईंची एक डुलकीही झाली. त्या एकूण प्रकारावर फारशा नाराज दिसल्या नाहीत. पंपावर एवढं निवांत कोण बसू देतं, म्हणाल्या. पेट्रोलच्या गाडीने जेवणासकट लागतात त्याहून पाऊण तास जास्त लागला, एवढंच.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. इंदूरच्या माणसाने तिथून न थांबता पुढे जाणं बरं दिसत नाही, पण मुंजीच्या गडबडीत आम्ही तसेच गेलो. तुम्ही थांबा.

नाशिकला पोचलो तेव्हा १८ टक्के होते. नणंदेच्या बंगल्यात गॅरेजमध्ये १५ अँपिअरचं सॉकेट आहे, गाडीसोबतची केबल त्यात लावली की रात्रभरात भरेल असा बेत होता. केबलच्या डबीवर लाल दिवा लागला तो जाईना. अर्थिंग नव्हतं. जुन्या घरांत हे सर्रास असतं. गीझर त्यावर वर्षानुवर्षं निमूट चालतो, गाडी मात्र चालवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी वायरमनने अर्थिंगची तार ओढली आणि मग गाडी लागली. या केबलने तासाला जेमतेम तीन युनिट जातात. १८ वरून शंभरला तेरा-चौदा तास लागले. म्हणून पाहुण्यांकडे जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, १५ अँपिअरचं सॉकेट गाडीच्या जवळ आहे का आणि त्याला अर्थिंग आहे का. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. तो तापतो. आणि निघताना ४०-४५ युनिटांचे पैसे देऊ करा. नणंदेने घेतले नाहीत हा भाग वेगळा.

आता पैशांचं. जाताना घरच्या मीटरवर भरलेली बॅटरी चारशेच्या आत पडली, शिरपूरला करासकट युनिटला बावीसच्या हिशेबाने साडेपाचशे गेले. एका बाजूचे साडेनऊशे झाले. आमची जुनी गाडी हायवेला लिटरला १७ देते. मध्य प्रदेशातलं पेट्रोल १०६ च्या आसपास धरलं तर तेवढ्याच अंतराला अडीच हजार. पण या फरकावर गाडी घेऊ नका. नाशिकला आपण वर्षातून कितीदा जातो? खरा हिशेब शहरातला आहे.

इंदुरात पेट्रोलची गाडी लिटरला १५ देत असेल तर किलोमीटरला सात रुपये पडतात. ईव्ही एका युनिटात शहरात सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे घरच्या विजेवर सव्वा रुपया. किलोमीटरमागे पावणेसहा रुपये वाचले. ईव्ही आणि तिच्या तोडीची पेट्रोलची गाडी यांच्या ऑन-रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला ५२,००० किलोमीटर लागतील. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साडेचार वर्षं, पाचशेच चालवणाऱ्याला जवळपास नऊ. सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ईव्हीवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. त्यामुळे हा फरक पूर्वीच्या मानाने वाढला आहे. जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडाल तर फसाल. दोन्ही गाड्यांचं कोटेशन एकाच आठवड्यात घ्या. थर्ड पार्टी विम्यावर ईव्हीला १५ टक्के सूट आहे. मध्य प्रदेशच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातल्या करसवलती मुदतीच्या आहेत, तुमच्या बुकिंगच्या दिवशी त्यातली कोणती लागू आहे ते डीलरकडून लेखी घ्या.

हे सगळं गणित घरच्या मीटरवर उभं आहे. तेच बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं तर किलोमीटरला तीन रुपयांच्या वर जातात, आणि फरक भरून निघायला ८०,००० किलोमीटरच्या वर. शिवाय दर पाच-सहा दिवसांनी कुठेतरी तासभर बसा. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, पोर्चमध्ये गाडी उभी राहते, मीटर भिंतीवर. रोजचं तीस-चाळीस किलोमीटरचं धावणं साध्या १५ अँपिअरवर अडीच तासांत भरून निघतं. त्यासाठी मोठा वॉल चार्जरही लागत नाही. आमच्या दिरांचं घर रामबागेत आहे. वाडा जुना, गल्ली अरुंद, गाडी कोपऱ्यावर जिथे जागा मिळेल तिथे. पहिल्या मजल्यावरून खाली वायर सोडू म्हणत होते, त्यांना मी हात जोडले. त्यांनी सरळ पेट्रोल किंवा सीएनजी घ्यावी. इंदुरात सीएनजी मिळते, फक्त पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी सहन करायची तयारी हवी.

फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढावा, मग शोरूमला जावं. तुमच्या पार्किंगपर्यंत तुमच्याच मीटरवरून केबल येईल का, खर्च कोणाचा, हे लेखी होऊ द्या. 'बघू, करून घेऊ' या उत्तरावर टोकन देऊ नका. बंगलेवाल्यांनी मंजूर भार किती किलोवॉट आहे ते विजेच्या बिलावर बघावं. तीन किलोवॉटच असेल तर रात्री एसी, गीझर आणि गाडी एकदम लावता येणार नाही, भार वाढवण्याचा अर्ज आधी टाका.

सेकंड हँड ईव्ही बघत असाल तर बॅटरीच्या वॉरंटीचे कागद बघा. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण दुसऱ्या मालकाला ती तशीच मिळते का हे कंपनीनुसार बदलतं.

आमच्याकडे निकाल ईव्हीचा लागला. सासूबाईंनी एकच अट घातली आहे, नाशिकला जाताना गाडी सून चालवेल.