शनिवारी गरम पाणी मिळत नाही

आमच्या घरी शनिवारी दुपारी नळाला गरम पाणी येत नाही. न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजमधलं जुनं लाकडी घर, बेसमेंटमध्ये दोन्ही मजल्यांना मिळून एकच टाकी, आणि खालच्या मजल्यावर आमच्या आफ्रिकन-अमेरिकन घरमालकीण आजी आणि त्यांच्या दोन नाती. शनिवार हा त्यांचा वॉश डे, म्हणजे केस धुवायचा दिवस. सकाळी नाश्ता झाला की सुरू होतो आणि दिवेलागणीला पण चालूच असतो, आणि मी वरती ऐन जानेवारीत खरकट्या भांड्यांकडे बघत उभी. सुरुवातीला नवऱ्याजवळ जाम कुरकुर केली मी, की केस धुवायला एवढा वेळ लागतो कसला, आमच्या मिरजेत शिकेकाई लावून अर्ध्या तासात न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून बायका स्वयंपाकाला लागतात. तो म्हणाला, भाडं किती कमी आहे ते आठव. विषय संपला.

खाली जायची वेळ आली ती लेकीमुळे. चौथीत आहे, केस माझ्यावर गेलेत, म्हणजे दाट, कुरळे आणि दमट हवेत स्वतःच्या मर्जीने वागणारे. शाळेत जायच्या आधी रोज विंचरताना आमच्याकडे जी रडारड चालायची ती जिन्यातून खाली ऐकू जायची. एक दिवस आजींनी खालूनच हाक मारली, हनी, त्या पोरीला कोण मारतंय? कोणी मारत नव्हतं हो, गुंता काढत होते. माझ्या आईने माझा जसा काढला तसाच, कोरड्या केसांत फणी घालून टाळूपासून खाली. आम्ही पण रडलोच की, त्याने काही झालं नाही आम्हाला. पण आजींनी दारात उभं राहून फणी बघितली, मला काही बोलल्या नाहीत, लेकीला म्हणाल्या शनिवारी खाली ये, आईला पण घेऊन ये.

आता हे जरा सविस्तर सांगते कारण माझ्या डोक्यात अजून तेच चाललंय.

आधी त्यांनी केसांना हात लावायची लेकीकडे परवानगी मागितली. मग डोक्याचे चार भाग करून प्रत्येकाला मोठा चिमटा. एका वेळी एकच भाग सोडायचा. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून केस ओले केले, त्यावर भरपूर कंडिशनर, आणि गुंता काढला तो नुसत्या बोटांनी. बोटांना आता काही अडकत नाही म्हटल्यावर मोठ्या दातांची फणी, ती पण टोकाकडून. म्हणजे आधी खालचे दोन इंच, मग त्याच्या वरचे, मग अजून वर, आणि दुसऱ्या हाताने वरचा भाग घट्ट धरलेला, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. लेक हूं का चूं न करता टीव्ही बघत बसली होती!! मी तिच्याकडे बघतेय, आजींच्या हाताकडे बघतेय, आणि खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला, म्हणजे इतकं सोपं असतं तर आम्हाला कोणी सांगितलं का नाही.

त्यांच्या नातींच्या केसांना तर हे सगळं याच्या दसपट लागतं. त्यांचे केस आपल्यासारखे लाटा-लाटांचे नाहीत, प्रत्येक केस स्प्रिंगसारखा वळलेला. टाळूतून जे तेल सुटतं ते सरळ केसांवरून आपोआप खाली उतरतं, त्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून ते केस कायम कोरडे, आणि प्रत्येक वळणावर तुटायची भीती. धाकटीचे केस ओढून बघितले तर कमरेच्या जवळ येतात आणि सोडले की खांद्याच्या वर. मी अवाक झाले तर ती हसून म्हणाली, श्रिंकेज. म्हणजे केस वाढत नाहीत असं लोकांना वाटतं ते या आकसण्यामुळे, केस वाढत असतातच.

तर धुणं झालं (शांपू फक्त टाळूला, केसांना फेस ओघळून लागेल तेवढाच), मग डीप कंडिशनर लावून प्लॅस्टिकची टोपी, त्यावर गरम टॉवेल, अर्धा तास. मग पुन्हा धुवायचं, माझी टाकी इथे संपते. टॉवेलने घासायचं नाही, जुना टीशर्ट घेऊन दाबून पाणी टिपायचं. मग लीव्ह-इन, म्हणजे न धुता ठेवायचं कंडिशनर, त्यावर तेल, त्यावर क्रीम, या क्रमाने. मग जेल लावत दोन-दोन पेडांचे पीळ घालायचे, मोठीच्या डोक्यावर किती झाले ते मोजायचा नाद मी सोडून दिला. रात्री सॅटिनचं बॉनेट, म्हणजे टोपी, घालून झोपायचं कारण सुती उशी केसातलं पाणी शोषते. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळले असतील तरच सोडायचे, बोटांना तेल लावून, एकेक. त्याला ट्विस्ट आउट म्हणतात. रविवारी चर्चला निघताना ती मोठी नात जी काय दिसते ना, फोटो टाकता आला असता तर टाकला असता पण पोरींना विचारल्याशिवाय नाही टाकणार.

आणि जेल कशाचं, तर जवसाचं! आपण चटणी करतो त्या जवसाचं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, ढवळत उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार दिसली की बंद, आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं, गार झालं की कापडातून उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. भेंडीचं पण करतात म्हणे. हे ऐकल्यावर मी लगेच सांगितलं की आमच्याकडे जास्वंदीची पानं चोळून जो बुळबुळीत रस निघतो त्याने केस धुतात, मेथ्या भिजवून वाटून लावतात, तर थोरली म्हणाली हो माहितीये, आणि कपाटातून आवळा पावडर, ब्राह्मी पावडर आणि शिकेकाईचं पाकीट काढून दाखवलं. एडिसनच्या इंडियन स्टोअरमधून आणलेलं. माझ्या घरात यातलं एकही नव्हतं.

खोबरेल तेलावर मात्र मी मागे हटणार नव्हते. तर तिथे पण थोरलीनेच (केमिस्ट्री शिकते कॉलेजात) मला सांगितलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन वाहून जाणं कमी करतं, मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसं होत नाही, हे २००३ च्या एका पेपरमध्ये दाखवलंय. तो पेपर उघडून बघितला तर संशोधक रेळे आणि मोहिले, मुंबईच्या मॅरिकोचे! मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. अर्थात मॅरिको खोबरेल तेल विकते, हे नवऱ्याने रात्री जेवताना सांगितलंच, त्याला आनंद बघवत नाही. आणि आजींचं म्हणणं वेगळंच होतं. तेल म्हणजे पाणी नव्हे, कोरड्या केसावर नुसतं तेल थापलं तर कोरडेपणा आत कोंडला जातो, आधी पाणी मग तेल. धाकटीच्या केसांना तर खोबरेल तेलाने काड्यांसारखा कडकपणा येतो, ती लावतच नाही. कोंड्यावर तेल चोळू नये हे पण त्यांनी सांगितलं, आणि ते खरंय, कोंड्याची बुरशी तेलावरच जगते. हे मी आईला फोनवर सांगितलं नाही. रविवारी तेल लावायला दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवून घेणारी आई, तिला काय सांगणार. आजी पण पोरींना तश्शाच बसवतात, स्टूलवर त्या, खाली उशीवर पोरगी.

केसांचे नंबर पण असतात. १ म्हणजे सरळ, ४ म्हणजे सगळ्यात घट्ट वळणांचे, आणि प्रत्येकात ए, बी, सी. ओप्राचे हेअर स्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी नव्वदच्या दशकात काढलेली पद्धत. लेक घरी येऊन आरशासमोर, मी ३ बी आहे का ३ ए? आजींना हे नंबर अजिबात आवडत नाहीत, आणि मला पण पटलं त्यांचं, आपल्या शाळेत तुकड्या अ ते ड असायच्या आणि ड म्हणजे काय ते सगळ्यांना न सांगता माहिती असायचं, तसं ४ सी शेवटी ठेवलेलं आहे.

आजी मूळच्या नेवार्कच्या. १९६७ ची दंगल झाली तेव्हा लहान होत्या. त्यांची आई गॅसवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ करायची, कान भाजल्याची खूण अजून आहे. मग हायस्कूलमध्ये अॅफ्रो, म्हणजे सरळ न करता गोल फुलवलेले केस, ठेवला तर घरात आठवडाभर अबोला. मग नोकरी लागली बँकेत, तिथे पुन्हा रिलॅक्सर. रिलॅक्सर म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक सोडा हो, केसाचे आतले बंध तोडून तो कायमचा सरळ करतात, जास्त वेळ राहिला तर टाळू भाजते. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळे केस कापून टाकले आणि नव्याने वाढवले. हे त्या अगदी सहज सांगतात, मध्येच विचारतात चहात दूध घालू का.

आणि मग कायदा. लेकीच्या शाळेचं हँडबुक दरवर्षी न वाचता सही करून देते मी, यंदा वाचलं. त्यात लिहिलंय की केसांचा पोत किंवा ब्रेड्स (बारीक वेण्या), लॉक्स (जटांसारखे वळलेले केस), ट्विस्ट्स (पीळ) अशा केशरचनेवरून कोणाशी भेदभाव करता येणार नाही. मला हसूच आलं आधी, असा पण कायदा लागतो का? क्राउन अॅक्ट. कॅलिफोर्नियाने २०१९ ला पहिला केला, मग न्यू यॉर्क, मग आमचं न्यू जर्सी. आजींनी सांगितल्यावर हसू गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये इथेच दक्षिण जर्सीत हायस्कूलच्या कुस्तीत एका काळ्या मुलाला रेफरीने सांगितलं, लॉक्स काप नाहीतर मॅच सोड. त्याच्याकडे नव्वद सेकंद होते. सगळ्या जिमसमोर मॅटच्या कडेला कात्रीने कापले. पोरगं जिंकलं मॅच, पण तो व्हिडिओ बघवत नाही. बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, गव्हर्नरने या कायद्यावर सही केली. देशभरासाठीचं बिल मात्र २०२२ ला हाऊसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, पास होऊन सिनेटमध्ये अडकलं.

इथे मला जरा मिरवावंसं वाटलं की आमच्याकडे केसांवरून असं काही नसतं. पण शाळेत मला सगळे मॅगी म्हणायचे. मामी दर दिवाळीत विचारायची, या झिंज्यांचं काहीतरी कर गं, पोरं बघायला येतील तेव्हा काय. पार्लरमध्ये आयब्रो करायला गेलं तरी मॅडम स्मूदनिंग (केमिकलने केस सरळ करणं) करून घ्या. आता हे आणि ते एक आहे असं मी म्हणत नाहीये, कुणी माझी नोकरी घालवली नाही की भर मैदानात कात्री लावली नाही, आणि आपल्याकडच्या लोकांना पटकन सगळं आपल्यासारखंच वाटायची खोड असते. लांब, सरळ, काळेभोर केस म्हणजे सुंदर हे आपणच लावून धरलंय, आणि ते केस आपण विकतो पण. इथल्या ब्युटी सप्लायच्या दुकानात मागची अख्खी भिंत केसांच्या पाकिटांची, त्यावर इंडियन रेमी, म्हणजे मुळं-टोकं एकाच दिशेने लावलेले खरे केस. तिरुपतीला लोक नवसाचे केस देतात त्यांचा देवस्थान लिलाव करतं, ते असे जगभर जातात. आमच्या आजीने दिले होते तिथे केस, आजोबांच्या ऑपरेशननंतर. भिंतीसमोर उभी राहून मी उगीच काळ्या-पांढऱ्या मिश्र केसांचं पाकीट आहे का बघत होते.

स्मूदनिंग मी केलंय, लग्नाच्या आधी आणि नंतर पण अधूनमधून. २०२२ मध्ये अमेरिकेत तेहतीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला, केस सरळ करायची केमिकल्स वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून जास्त, म्हणजे सत्तरीपर्यंत १.६४ टक्क्यांच्या जागी ४.०५ टक्के. थोरलीने तो माझ्यापुढे ठेवला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, शिवाय मी वर्षात चारदा कधीच केलं नाही, एवढे पैसे कुणाकडे होते. आणि तेव्हा नवीन नोकरी, लोकलचा प्रवास, सकाळी सहाला डबा, कुठून काढायचा होता अख्खा शनिवार? आजींनाही तो रिटायर झाल्यावरच मिळाला. वेळ असला तर नैसर्गिक राहता येतं हे कुणी बोलत नाही.

आता महिन्यातून दोनदा लेक खाली जाते, मी वरून पोह्यांचा डबा पाठवते. पीळ घालायला मला जमायला लागलंय, भांग मात्र अजून वाकडा येतो. पुढच्या महिन्यात आम्ही मिरजेला येतोय, आतेबहिणीचं लग्न आहे, आईने पार्लरची अपॉइंटमेंट दोघींसाठी घेऊन पण टाकली. लेकीची मी कॅन्सल करायला लावली, ती ट्विस्ट आउट करणार आहे, जवसाची पिशवी बॅगेत भरायला काढलीये (मी म्हणलं अगं मिरजेत मिळतात जवस). माझी आहे तशी आहे. जूनचं लग्न, दमट हवा, साडीवर खोपा घालायचा, आणि मामी पहिल्या रांगेत. बघू.