आमची वाटचाल : एका फाटलेल्या पँटपासून

१९९१च्या मे महिन्यात परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं कराटेचं ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, चालू होतं, ऑरेंज बेल्टचं. माझी माए गेरी, म्हणजे समोरची लाथ, कमरेच्या वर गेली आणि पँट आसनात चर्रकन फाटली. सरांनी ऐकलं, परीक्षकांनी ऐकलं, मागच्या रांगेतल्या मुलांनी तर ऐकलंच. जॅकेट खाली ओढून धरलं आणि पुढची एकही लाथ गुडघ्याच्या वर जाऊ दिली नाही. नापास झाले. आमच्या कराटे ड्रेसच्या दुकानाच्या कागदांवर १९९८ साल आहे, पण धंदा सुरू झाला तो त्या दिवशी.

घरी आईने पँट उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काय गो, ह्यात तुकडाच नाही!" साध्या पँटला आसनात चार शिवणी एका टिंबावर येतात. पाय फाकला की सगळा ताण त्या टिंबावर. आजोबांच्या लेंग्याला तिथे तिरका चौकोनी तुकडा असायचा, म्हणून ते उकिडवे बसून तासन् तास जाळं विणू शकायचे. आमचे आताचे कारागीर त्याला मियानी म्हणतात. आईने जुन्या उशीच्या अभ्र्यातून तो तुकडा कापून बसवला. पुढच्या ग्रेडिंगला मी त्याच पँटीत पास झाले आणि क्लासमधल्या तीन मुलींनी आपल्या पँटी आईकडे आणून दिल्या.

आईचं मशीन म्हणजे उषाचं पायमशीन. बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. पुढे बाबांना मिलचं काम परत मिळालं नाही आणि घर त्या मशीनवर चाललं, ब्लाऊज, फॉल-पिको, गणपतीत पडदे. अशा घरातली मुलगी कराटेला कशी, असं चाळीत विचारायचे. कारण अगदी साधं होतं: क्लास पालिकेच्या शाळेत भरायचा, फी कमी होती आणि शेजारचा मुलगा जात होता. त्याला घालत होते, तर मला का नाही, एवढाच माझा मुद्दा. बाबा म्हणाले, जा, पण दात पडले तर माझ्याकडे पैसे नाहीत.

दात पडले नाहीत. पहिल्या कुमितेत, म्हणजे खऱ्या लढतीत, बरगडीखाली ठोसा बसला आणि श्वासच येईना. मारापेक्षा लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मी डोळे मिटले होते. सरांना ते दिसलं. महिनाभर रोज क्लास सुटल्यावर एक मोठी मुलगी माझ्या नाकासमोर ठोसे मारायची, बोटभर अंतरावर थांबवायची, आणि मी फक्त पापण्या उघड्या ठेवायच्या. कंटाळवाणा प्रकार! पण त्या महिन्यात मी तिची बाही इतक्या जवळून पाहिली की आजही बाहीचा कट काढताना तीच डोळ्यांसमोर येते. ठोसा सुटताना कापड फाट्‌ करून वाजतं, आणि हलकं कापड असेल तर वाजतच नाही, नुसतं फडफडतं.

आणखी एक सांगून टाकते, कारण दुकानात आलेल्या आया हमखास विचारतात, "हिला ट्रेनमध्ये उपयोग होईल ना?" १९९४ साली माझ्याकडे ब्राऊन बेल्ट होता आणि दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत, एका माणसाने हात लावला. मी काहीही केलं नाही. उभी राहिले. तो जिना उतरून गेलासुद्धा. क्लासमध्ये लढत सुरू होते ती सर "हाजिमे" म्हणतात तेव्हा, आणि थांबते "यामे" म्हटल्यावर. पुलावर हाजिमे कोण म्हणणार? सरांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र बूट घालताना, पाणी पिताना, कधीही, कोणीही मागून मनगट धरायचं आणि धरलेल्याने आधी ओरडायचं, असा सराव सुरू झाला. म्हणून आयांना मी सांगते, उपयोग होतो, पण क्लासचे सर तसं शिकवतात का ते आधी विचारा. ड्रेस नंतर घ्या. माझ्या नवऱ्याला हे उत्तर आवडत नाही, गिऱ्हाईक परत जातं म्हणतो.

१९९८ साली सरांनी पहिली खरी ऑर्डर दिली. मुलींचे वीस ड्रेस. मुळजी जेठा मार्केटमधून कॅनव्हासचं थान आणलं, आई आणि मी रात्री जागून शिवले. मुलींचे म्हणून आईने ब्लाऊजच्या सवयीने उजवी बाजू वर घेतली, बंदही तसेच लावले. मलाही कळलं नाही, कारण कापडाच्या ढिगात वीस जॅकेटं सारखीच दिसतात. सरांनी पहिलं जॅकेट अंगाला लावून बघितलं आणि घडी करून परत पिशवीत ठेवलं. जपानी पद्धतीत डावी बाजू वर येते, बाई असो की पुरुष. उजवी वर घेतात ती प्रेताला. वीस मुलींचे वीस प्रेतांचे ड्रेस! बंद उसवून उलटे लावायला आठवडा गेला, आणि आईने त्या आठवड्यात जपान्यांबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच निमित्ताने सरांनी सांगितलं की हा पांढरा ड्रेस मुळात कराटेचा नव्हेच. जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये ज्युडोची शाळा काढली, हा पोशाख त्यांच्या ज्युडोचा. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२मध्ये टोकियोला प्रात्यक्षिकासाठी गेले, त्यानंतर तो कराटेत आला. ज्युडोत कॉलर धरून माणूस फेकतात, म्हणून त्यांचं जॅकेट जाड, दाणेदार विणीचं. आम्ही मारतो, धरत फारसं नाही, म्हणून आमचं पातळ. आईला यात एकाच गोष्टीत रस होता. बटण नाही, फक्त बंद, म्हणजे आपल्या बाराबंदीसारखंच की, म्हणाली.

पहिली सात वर्षं एकच तक्रार पिच्छा सोडत नव्हती. तीन-चार धुण्यांत पँट आखूड होते. सुती कॅनव्हास आटतो हे आम्हाला माहीत होतं, दुमड जास्त ठेवायचो, पण किती जास्त ते जमत नव्हतं. हे कोडं सुटलं २६ जुलै २००५ला, आणि फार महागात सुटलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमचा गाळा हिंदमातापासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्याला. पाणी कमरेइतकं. सहा थान गटाराच्या पाण्यात दोन दिवस भिजले. कापड वापरण्यासारखं नव्हतं आणि टाकून द्यायची ऐपतही नव्हती. सोडा घालून उकळलं, गच्चीवर पावसाच्या उघडिपीत वाळवलं, तरी डाग गेले नाहीत. शेवटी रंगाऱ्याकडून काळं करून घेतलं आणि ड्रेस शिवून एका कुंग-फूच्या क्लासला स्वस्तात दिले, त्यांचा ड्रेस काळाच असतो. त्यातली एकही पँट आखूड झाली म्हणून परत आली नाही. जे आटायचं ते शिवण्याआधीच आटलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कोरं कापड आधी गरम पाण्यात बुडवतात, मग कात्री. मीटरमागे सहा-सात सेंटीमीटर तिथेच जातात. भाव त्यामुळे थोडा जास्त आहे, गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

आज लहान मुलांना आठ औंसाचं कापड, मोठ्यांना बारा, आणि कातावाल्यांना चौदा. बारा औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. काता म्हणजे समोर कोणी नसताना एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली. तो करणाऱ्यांना आवाज हवा असतो. हाताने ड्रेसवर थाप मारून आवाज काढला तर स्पर्धेत ती चूक धरतात, त्यामुळे जो काही वाजायचा तो कापडानेच वाजायला हवा. स्पर्धेचं माप वेगळं: जॅकेटने नितंब झाकले पाहिजेत पण ते मांडीच्या पाऊण भागाच्या खाली जाता कामा नये, बाही मनगटाच्या पुढे नको, पँट घोट्याच्या खाली नको.

बेल्टचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. मोठ्या माणसाचा बेल्ट पावणेतीन-तीन मीटरचा, त्यावर दहा समांतर टिपा, म्हणजे एका बेल्टला तीस मीटरपर्यंत शिलाई. एक टीप वाकडी गेली की गाठ मारल्यावर बेल्ट पिळवटतो. बेल्टवरूनच आमच्या घरात सगळ्यात मोठं भांडण झालं. एका क्लासने आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी तीस ब्लॅक बेल्ट मागवले, वर नावं भरतकामात. मी नाही म्हणाले. नवऱ्याने वही पुढे केली, गाळ्याचं भाडं, दोन कारागिरांचा पगार, दिवाळी तोंडावर. शिवले. पैसेही वेळेवर आले. मी स्वतः अजून ब्राऊनवरच आहे, ब्लॅकच्या एक पायरी खाली. गुडघ्याने साथ सोडली आणि मग मुलगी झाली.

कराटे पहिल्यांदा ऑलिंपिकला येणार असं ठरलं तेव्हा आम्ही धंदा वाढेल म्हणून दोन जुकीची मशीनं घेतली. टोकियोच्या स्पर्धा २०२०च्या २०२१ला गेल्या, तोवर मुंबईतले क्लास बंद, आम्ही अस्तराच्या कापडाचे मास्क शिवत बसलेलो. २०२४ला पॅरिसमध्ये कराटे नव्हतंच. मशीनांचे हप्ते मात्र वेळेवर होते.

दुकानाचा एक नियम १९९८पासून बदललेला नाही. ड्रेस घालून बघायचा तो आरशासमोर नुसतं उभं राहून नव्हे. आधी किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं, खाली बसायचं आणि मग समोर लाथ मारायची. गेल्या शनिवारी अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती, पहिलाच ड्रेस. लाजत होती. मी म्हटलं, मार, जोरात मार, इथे कोणी मार्क देत नाही. तिने मारली. समोरच्या शेल्फवरची दोऱ्याची चार रिळं उडाली, एक थेट कटिंग मास्टरच्या चहात. तिची आई ओरडली. मी वाकून आधी शिवण बघितली. शाबूत होती.