चालू पायथन स्क्रिप्टमधल्या क्लासची यादी: काय हाती लागतं, काय सुटतं

पायथनमध्ये क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याचा साचा, आधीपासून तयार नसतो. स्क्रिप्ट वरून खाली चालत येते, क्लासच्या ओळीपाशी पोहोचली की तो ऑब्जेक्ट जन्माला येतो आणि त्याचं नाव मॉड्यूलच्या, म्हणजे त्या फाइलच्या, डिक्शनरीत (नाव आणि ऑब्जेक्ट यांच्या जोड्यांच्या कोशात) पडतं. म्हणून यादी कोणत्या क्षणी मागता यावर उत्तर ठरतं. यादी काढणारा कोड फाइलच्या डोक्यावर असेल तर खालचे क्लास त्यात दिसणार नाहीत. एखादा क्लास 'इफ'च्या आत असेल आणि ती अट खरी ठरली नसेल, तर तो अस्तित्वातच नसतो.

उदाहरणासाठी हिशेबाची एक स्क्रिप्ट घेऊ: पावती हा मूळ क्लास, त्यावर बेतलेले रोखपावती आणि उधारपावती. पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं थेट चालतात. फक्त एक जपा: काही कीबोर्ड 'ऱ्या' उमटवताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि तसं चिन्ह नावात आलं की पायथन सिंटॅक्स एरर देतो.

सर्वात जवळचं साधन म्हणजे 'ग्लोबल्स' हे फंक्शन. ते चालू मॉड्यूलची डिक्शनरी देतं. पण तिच्यावर फाइलच्या वरच्या पातळीवरच 'फॉर' लूप लावला, तर बहुतेकदा 'डिक्शनरीचा आकार फिरताना बदलला' असा रनटाइम एरर येतो. कारण लूपची व्हेरिएबल्स हीसुद्धा ग्लोबल नावंच. पहिल्या फेरीत ती त्याच डिक्शनरीत भर घालतात. ती नावं आधी कुठे वापरलेली असतील तर हाच कोड बिनबोभाट चालतो, त्यामुळे दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. उपाय सोपा आहे: आधी जोड्यांची 'लिस्ट' करून घ्या आणि मग फिरा, किंवा सगळं काम एका फंक्शनमध्ये टाका.

आता चाळणी. ऑब्जेक्ट क्लास आहे का हे 'इझइन्स्टन्स'ने 'टाइप'शी ताडून बघा. 'याचा टाइप हुबेहूब टाइपच आहे का' अशी तपासणी करू नका. तिच्यात ईनम (ठरावीक मूल्यांचे क्लास) आणि अॅब्स्ट्रॅक्ट क्लास (वारसा देण्यासाठी लिहिलेले) गळतात, कारण त्यांचे मेटाक्लास, म्हणजे क्लास बनवणारे क्लास, वेगळे असतात. दुसरी चाळणी जास्त महत्त्वाची. 'डेसिमल' या पायथनच्या मॉड्यूलमधून इम्पोर्ट केलेला क्लासही याच डिक्शनरीत बसलेला असतो. प्रत्येक क्लासवर डबल अंडरस्कोरवालं 'मॉड्यूल' हे अॅट्रिब्यूट असतं, ते आपल्या मॉड्यूलच्या नावाशी जुळलं तरच क्लास आपला. इम्पोर्ट केलेल्या नावांची वेगळी यादी ठेवून ती वजा करण्याच्या फंदात पडू नये, ती लवकरच जुनी होते.

'इन्स्पेक्ट' या मॉड्यूलमधलं 'गेटमेंबर्स' क्लासची चाळणी लावून देतं, पण नावांच्या क्रमाने. आपल्या उदाहरणात उधारपावती तिच्या मूळ क्लासच्या आधी येईल. लिहिलेला क्रम हवा असेल तर डिक्शनरीच वाचा, ३.७ पासून घालण्याचा क्रम टिकण्याची हमी आहे. एकाच क्लासला दोन नावं दिली असतील, उदाहरणार्थ 'बिल = पावती', तर तो दोनदा येतो. तेव्हा आधी पाहिलेले क्लास एका सेटमध्ये ठेवा.

मॉड्यूलच्या नावाची चाळणी दोन ठिकाणी फसते. 'टाइप' वापरून क्लास बनवणारं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर क्लासवर त्या फाइलचं नाव चढतं. 'मेकडेटाक्लास' हे फंक्शन डेटाक्लास, म्हणजे मुख्यतः माहिती साठवणारे क्लास, बनवतं; त्याने बनवलेल्या क्लासवर ३.१२ च्या आधी 'टाइप्स' असं नाव दिसायचं. असे क्लास असतील तर बनवताना ते अॅट्रिब्यूट हाताने भरा.

क्लासच्या आतला क्लास ग्लोबल डिक्शनरीत नसतो. प्रत्येक क्लासची स्वतःची डिक्शनरी उघडून खाली उतरावं लागतं. फंक्शनच्या आतले क्लास तर तिथेही सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वाट उलटी आहे: मूळ क्लासला 'सबक्लासेस' (दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोर) ही मेथड विचारा. ते फक्त थेट मुलं देतं, म्हणून नातवंडांसाठी रिकर्शन लागतं. थेट 'ऑब्जेक्ट'पासून, म्हणजे सगळ्या क्लासच्या मुळापासून, सुरुवात केलीत तर 'टाइप'पाशी टाइप एरर येतो, कारण तिथे ही मेथड बांधलेली नसते. ती 'टाइप'वरून बोलावून क्लास आर्ग्युमेंट म्हणून दिला की अडचण उरत नाही. आणखी एक: 'स्लॉट्स' (अॅट्रिब्यूटची नावं आधीच पक्की करण्याची सोय) चालू केलेला डेटाक्लास मुळात नवा क्लास तयार करतो. जुना क्लास गार्बेज कलेक्टर (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारी यंत्रणा) उचलेपर्यंत 'सबक्लासेस'मध्ये एकाच नावाचे दोन दिसू शकतात.

थेट चालवलेल्या स्क्रिप्टचं मॉड्यूल-नाव 'मेन' असतं, दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोरसह. तीच फाइल दुसऱ्या मॉड्यूलने तिच्या खऱ्या नावाने इम्पोर्ट केली, तर ती पुन्हा पहिल्यापासून चालते आणि सगळ्या क्लासची दुसरी प्रत बनते. मग एका प्रतीची पावती दुसऱ्या प्रतीच्या 'इझइन्स्टन्स'ला ओळखू येत नाही. यादी बरोबर, तपासणी बरोबर, तरी उत्तर 'नाही'. क्लास वेगळ्या फाइलमध्ये हलवणं आणि सुरुवातीची स्क्रिप्ट अगदी बारीक ठेवणं हाच यावर खात्रीचा इलाज.

स्क्रिप्ट न चालवता नुसती नावं हवी असतील तर 'एएसटी' या मॉड्यूलने (ते कोडचं झाडासारखं रूप देतं) फाइल वाचून क्लासच्या नोड्स गोळा करा. तिथे 'इफ'मधले, न चालणारेही दिसतील.

प्लगइनसारख्या (बाहेरून जोडता येणाऱ्या भागांच्या) कामासाठी मात्र यादी शोधत फिरणं मला पटत नाही. मूळ क्लासमध्ये 'इनिटसबक्लास' ही मेथड (हिच्याही दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोर) लिहा, ३.६ पासून प्रत्येक नवा उपक्लास बनताच ते आपोआप बोलावलं जातं. त्यात क्लास स्वतःची नोंद करतो. मूळ क्लाससाठी ते चालत नाही, तो हवा असेल तर वेगळा टाका. स्लॉट्सवाल्या डेटाक्लाससाठी ते दोनदा चालतं. म्हणून नोंदी लिस्टमध्ये न ठेवता डिक्शनरीत ठेवा आणि किल्ली मॉड्यूल व क्लासचं नाव मिळून करा. फाइलच्या वरच्या पातळीवरच्या क्लाससाठी दुसरी नोंद पहिलीच्या जागी बसते, आणि यादीत कामाचा क्लास उरतो.